प्रकाशचा नवस आणि माझी विरजणाची वाटी

हिरव्या तुरीच्या शेंगा सोलायला बसलं की एक गंमत होते. दाणे वाटीभरच निघतात, पण टरफलांचा ढीग गुडघ्यापर्यंत कधी आला ते कळतच नाही. शेजाऱ्यांच्या किश्श्यांचंही तसंच आहे. आपण काही जमवायला जात नाही. आपण आपलं काम करत असतो, कान तेवढे उघडे असतात. आता कानाला झाकण द्यायचं देवच विसरला, त्याला मी काय करू!

आमच्या शेजारच्या प्रकाशचे किस्से असेच जमले. त्यातला पहिला दाणा सापडला चक्कीवर.

लाईट गेली होती. गव्हाचा डबा पुढ्यात घेऊन मी रांगेत बसले होते. माझ्यापुढं दोन बाया बोलत होत्या.

"प्रकाशच्या घरी नवस बोलला म्हंते वं. पोहरादेवीले."

"कायचा?"

"पोहणं, सायकल अन् पळणं. तिन्ही एकाच दिवशी. अन् ते पुरं झालं तं मंग—"

आणि लाईट आली! रोज दोन-दोन तास न येणारी लाईट नेमकी तेव्हाच आली. चक्की धडधडायला लागली. मी वाकले, आणखी वाकले, त्या बाईच्या मांडीवर पडायचं तेवढं बाकी राहिलं. तिचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू मात्र काही येईना. पीठ झालं तसा तिनं डबा उचलला आणि ऑटोत बसून गेली.

पुरं झालं तं मंग काय?

ते अर्धं वाक्य घेऊन मी घरी आले. त्या दिवशी एकही पोळी फुगली नाही.

* * *

प्रकाश म्हणजे आमच्या भिंतीला भिंत. वय चाळिशीच्या पुढं. मालेगावच्या बाहेर त्याचा वांगी, मेथी, पालकाचा मळा आहे, आमच्या मळ्याला लागूनच. माणूस सोन्यासारखा, पण हाती घेतलेलं एक काम पुरं करेल तर शपथ! घरावर दुसरा मजला काढला, तो छातीइतका आल्यावर थांबला. त्याच्या सळ्यांवर आता आम्ही दोन्ही घरं कपडे वाळवतो. मळ्यात ठिबक अर्ध्याच वाफ्यांना. कॉलेज दोन वर्षं. गावात त्याला 'अर्धा प्रकाश' म्हणतात, तोंडावरसुद्धा.

त्याचे वडील दादाजी तर म्हणतात, "हा जन्मलाच सातव्या महिन्यात! पोटातले नऊ महिनेही पुरे नाही केले यानं!"

तर असा माणूस नवस पुरा करणार? मला राहवेना. मी विरजणाची वाटी घेतली आणि गेले. माझ्या फ्रिजमध्ये दह्याचं भांडं भरलेलं होतं, पण शेजारी जायला हातात काहीतरी लागतं.

प्रकाश ओसरीत बसला होता. त्याची बायको मीना वांगी निवडत होती.

"काय रे, नवस बोलला म्हंते तू?"

"नवस नाही वं काकू. ट्रायथलॉन!"

"ते कोणतं देवस्थान?"

मग त्यानं मला समजावून सांगितलं. ही एक स्पर्धा असते. लांब एका धरणावर आहे, संक्रांतीनंतर. आधी धरणात जवळजवळ दोन किलोमीटर पोहायचं. ओल्या अंगानं निघून नव्वद किलोमीटर सायकल चालवायची. सायकल ठेवली की एकवीस किलोमीटर पळायचं. ठरलेल्या वेळेत झालं नाही तर बाद.

"अन् भेटते काय?"

"मेडल."

"पहिल्या नंबराले?"

"पुरी करणाऱ्या सगळ्यायले."

"मंग एखादं बाजारातून आणून ठेव नं घरी!"

प्रकाश हसला नाही. म्हणाला, "काकू, एक गोष्ट पुरी करून पाहाची हाय मले. एक तरी."

मीनाचा वांग्यावरचा हात थांबला. तेवढ्यात आतून दादाजींचा आवाज आला.

"त्याले इचार, पुरी हाय काय ते स्पर्धा?"

प्रकाश खाली मान घालून म्हणाला, "नाही. हिच्या दुप्पट जी असते ते फुल. माही हाफ हाय."

"पाह्यलं!" दादाजी बाहेरच आले. "शोधून शोधून आणली तेही अर्धीच!"

* * *

पळण्यापासून सुरुवात झाली. नवसाची बातमी तेव्हा चक्कीवरून बाजारापर्यंत पोचली नव्हती.

पहाटे प्रकाश किन्हीराजाच्या रस्त्यानं पळायला निघाला. आता आमच्याकडे मोठा माणूस पळतो तो दोनच कारणांनी. एकतर मागे कुत्रं असतं, नाहीतर पुढं बस असते. मागे कुत्रं नव्हतं.

एक मोटरसायकलवाला थांबला. "बस हुकली काय भाऊ?"

"नाही, नाही. असाच पळून राह्यलो." प्रकाशला दम लागलेला, अर्धे शब्द तोंडातच.

"अरे, लाजतोस कायले? बस आपल्या गावाची, माणूस आपल्या गावाचा. बस मांग!"

त्यानं हात धरून बसवलंच. गाडी अशी हाणली की पुढं चाललेली बस खरंच गाठली! बसपुढं गाडी आडवी लावली, कंडक्टरला ओरडून सांगितलं, "घ्या याले, बिचारा मालेगावपासून पळून राह्यला!" कंडक्टरनं दार उघडून आत ओढला. बसमधल्या म्हातारीनं सरकून जागा दिली. वर पाणी दिलं.

इतक्या लोकांचं मन मोडायचं कसं? प्रकाश गप बसला. किन्हीराजाला उतरला आणि काळीपिवळी जीपमध्ये बसून परत आला. पाय दुखतच नव्हते, म्हणून मीनानं विचारलं, "सराव चांगला झाला वाटते?"

पुढचे चार-सहा दिवस हेच. कोणी ट्रॅक्टरवर घे, कोणी दुधाच्या गाडीवर घे. पुण्याचे कोणी सर त्याला मोबाईलवर शिकवत होते. त्यांनी विचारलं, रोज तीन-चार किलोमीटरवर थांबतोस का? प्रकाशनं लिहिलं, "सर, लोक चांगले आहेत."

आणि मग नवसाची बातमी बाजारात पोचली. (मी नाही पोचवली. मी फक्त भाजी घेताना दोघी-तिघींना विचारलं, की 'पुरं झालं तं मंग' काय, तुम्हाला काही माहीत आहे का?)

दुसऱ्या दिवसापासून गाडी थांबवणं बंद! लोक लांबूनच हात जोडायला लागले. एक नवीन माणूस थांबायला लागला, तर मागे बसलेल्यानं त्याच्या पाठीत बुक्की मारली. "चाल, चाल! नवसाच्या माणसाले गाडीवर बसवत नाहीत. पाप लागते!"

प्रकाशनं आधी सगळ्यांना सांगून पाहिलं, की बाबा नवस नाही. नंतर सांगणं सोडलं. मला म्हणाला, "राहू द्या नं काकू. पळू तं देतेत."

* * *

सायकल आली ती खोक्यातून. जुनीच होती, पण ऐटबाज. टायर माझ्या अंगठ्याएवढा जाड. दादाजींनी तो दाबून पाहिला आणि म्हणाले, "याचं चाक उपाशी हाय काय?"

पावसाळ्यात रस्त्यावर चिखल, म्हणून प्रकाशनं एक लोखंडी स्टँड आणला. सायकल त्यावर चढवायची आणि ओसरीतच पायडल मारायचं. मागचं चाक फिरतं, सायकल जागेवरच.

दादाजी खाटेवर बसून पाहत होते. तास झाला. प्रकाश घामानं निथळला. खाली थारोळं.

"मीना," दादाजींनी हाक मारली, "इकडं ये. तुह्या नवऱ्यानं इतकी सायकल चालवली, अजून गेटाच्या बाहेर नाही गेला!"

आणखी थोडं पाहिलं, आणि मग त्यांच्यातला शेतकरी जागा झाला.

"खाली-पिली चाक फिरून राह्यलं. त्याले कडबा कुट्टीचा पट्टा लावा. म्हशीचं तरी भलं होईन!"

* * *

एकदा सरांनी लांब पल्ल्याची सायकल लिहून दिली. प्रकाशनं डोकं न लावता रस्ता निवडला पोहरादेवीचा. तो बिचारा रहदारी कमी म्हणून निवडत होता. पण गाव म्हणालं, "बोललो नव्हतो?"

निघायच्या दिवशी आमच्या गल्लीत पोळ्यासारखी गर्दी! बायांनी सायकलला हळदीकुंकू लावलं. हँडलला लिंबू-मिरची बांधली. मी औक्षण केलं. आता सगळ्याच करत होत्या, मी एकटी उभी राहिले असते तर बरं दिसलं असतं का?

दादाजींनी नारळ घेतला आणि पुढच्या चाकाजवळ दगडावर हाणला. नारळ फुटला छान, दोन सारखी भकलं! "जा आता!" दादाजी म्हणाले.

प्रकाशनं पायडल मारलं. फूस्स्!

करवंटीची कपची टायरात. एक वार रस्ताही कापला नव्हता.

पंक्चर काढायला प्रकाश गेटातच खाली बसला. दादाजी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून म्हणाले, "अपशकुन नाही मानाचा. देवी म्हणून राह्यली, नाश्ता करून निघ."

तो नाश्ता करूनच निघाला. संध्याकाळी परत आला, पाठीच्या खिशात सगळ्यांसाठी प्रसाद. रिकाम्या हातानं येऊ नको असं दादाजींनी बजावलं होतं. साखरफुटाणे घामानं थोडे विरघळले होते, पण प्रसादाला नाव ठेवू नये.

* * *

मग आला तो ड्रेस. पोहायला, सायकलला, पळायला, तिन्हीला एकच. काळा, आणि अंगाला असा घट्ट की काय सांगू!

मीनानं तो धुऊन वरच्या सळ्यांवर वाळत टाकला, वरून स्वतःची साडी झाकली. वाऱ्यानं साडी उडाली. मी खालून विचारलं, "मीना, पाहुणे आले काय? हे कोणत्या लेकराचं वं?"

मीना लाल झाली. "हे यांचंच हाय, काकू."

मी म्हटलं, खोटं. एवढ्यात एवढा माणूस मावणार कसा? मावला! रविवारी तो घालून प्रकाश ओसरीत आला. दादाजींनी पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

"मीना, सांग त्याले. नवस असला तरी देवीले धोतर चालते!"

* * *

आता पाण्याचं सांगते. खरी गाठ तिथंच होती.

प्रकाशला पोहता येत नव्हतं. आणि मीनाला पाणी पाहणंसुद्धा नको. लहानपणी माहेरच्या विहिरीत पडली होती ती. आईनं वेणीला धरून वर काढलं. तेव्हापासून मळ्यात आली तरी विहिरीकडे पाठ करून बसते. पाण्याची कळशी प्रकाशच भरून देतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं आपल्या विहिरीत एकदाही वाकून पाहिलं नव्हतं.

ज्या दिवशी प्रकाशनं आता विहिरीत उतरून पोहणं शिकतो असं सांगितलं, त्या दिवशी म्हणे मीनानं स्वयंपाकच केला नाही. (म्हणे म्हणजे, धूर दिसला नाही, कुकरची शिट्टी आली नाही. मला कोणी सांगावं लागत नाही.)

मी विरजणाला गेले. दोघं दोन टोकांना बसलेले.

"सायकल चालवा," मीना म्हणत होती. "पळा. उलटे पळा. पण पाणी नोको."

"पाण्याबिगर ते पुरं नाही होत."

"मंग राहू द्या अर्धं! आतापर्यंत काय झालं अर्ध्यानं? मी काही म्हटलं काय कधी?"

प्रकाशचा चेहरा मात्र असा झाला, की मी विरजण न घेताच परत आले. हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा!

तिसऱ्या दिवशी मीनानं कबूल केलं. पण अट घातली. कमरेला दोर बांधायचा, आणि दोर तिच्या हातात राहील.

आमची मेथी तेव्हा त्यांच्या विहिरीच्या बाजूलाच निघाली होती, म्हणून मला सगळं दिसलं. प्रकाशच्या पाठीला तेलाचे दोन रिकामे कॅन, कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक कडुलिंबाला एक वेढा देऊन मीनाच्या हातात. आणि मीना विहिरीकडे पाठ करून उभी! तोंड वांग्यांकडे.

दिसत तर काही नाही. मग विचारायची.

"हाय काय?"

विहिरीतून उत्तर यायचं, "हाव!"

दोन हात मारले की पुन्हा, "हाय काय?"

"हाव!"

आता पोहताना तोंड उघडलं की पाणी आत जातं. दर 'हाव'ला एक घोट! प्रकाश एकदा ठसका लागून म्हणाला, "सारखं सारखं नोको विचारू वं, विहीर आटून राह्यली!" मीना म्हणाली, "आटू द्या."

महिनाभरात एक कॅन सुटला. मग दुसरा. मग दोर सैल झाला. 'हाय काय' मात्र सुटलं नाही. आमच्या मळ्यातल्या मजूर बाया त्या आवाजावर मेथी खुडायला लागल्या होत्या.

एकच गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. विहीर गोल असते. प्रकाश पोहायला शिकला तो गोल गोल फिरून, आणि सारखा डावीकडं वळून. ते कळलं थेट धरणावर.

* * *

संक्रांत झाली. जीप केली. प्रकाश, मीना, दादाजी आणि मी. मी कशी काय? मीनानंच म्हटलं, "काकू, तुमी चला. मले पाहाची हिंमत नाही. तुमचे डोळे चांगले हायेत."

माझ्या डोळ्यांची अशी तारीफ गावात पहिल्यांदाच झाली. आमचे हे म्हणाले, "जा. इथं राहून तरी काय करशील, तिकडचं घर बंद राहीन!"

धरण पाहिलं. आमची विहीर कुठं आणि हे कुठं! शेकडो माणसं काळ्या ड्रेसात, डोक्याला नारिंगी टोप्या. मीना काठावर पाण्याकडे पाठ करून उभी राहिली. हातात दोर नव्हता, म्हणून पदराचं टोक पिळत होती.

भोंगा वाजला. सगळे पाण्यात. जसं कोणी संत्र्याचं पोतं सांडलं!

"काकू, हाय काय?"

"हाय, हाय." मला काय दिसतं? सगळ्या टोप्या सारख्या. पण खोटं बोलायची ती वेळच होती.

"हाय काय?"

"हाय नं बाई!"

संत्री सगळी सरळ चालली, लांबच्या मोठ्या फुग्याकडे. आणि मग मला दिसलं, एक संत्रं वेगळंच चाललंय. डावीकडे! काठाकाठानं वळत, पुन्हा माघारी. होडीवाला ओरडत त्याच्याकडे गेला, सरळ लावून दिलं. दहा हात नीट, की पुन्हा डावीकडे!

"तो! तो पाह्य!" मी ओरडले. "धरणातही विहीर काढून राह्यला!"

आणि मीना गर्रकन वळली. पदर सुटला तिच्या हातातला. एवढ्या पाण्याकडे तिनं पाहिलं, आणि पाहतच राहिली. मी 'बस वं खाली' म्हटलं, तिला ऐकूच गेलं नाही.

प्रकाश सगळ्यांत मागून तिसरा निघाला. बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त पोहून! काठावर मीना पाण्याकडे तोंड करून उभी दिसली आणि तो तिथंच थांबला.

"पळा नं!" मीना ओरडली. "पाह्यता काय?"

सायकल झाली. ऊन चढलं. पळणं सुरू झालं. अर्ध्याच्या थोडं पुढं, आमच्या समोरच, प्रकाशच्या पोटरीत पेटका आला आणि तो रस्त्याच्या कडेला खाली बसला.

अर्ध्यावर! मी दादाजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पाहवेना. आयुष्यभर टोमणे मारले म्हाताऱ्यानं, पण आता तोच कठड्यावर पुढं वाकून बसला होता.

बिल्ला लावलेला एक माणूस धावत आला. चांगला माणूस होता. "काका, खूप झालं. वेळही कमी आहे. मागून गाडी येतेय, बसा त्यात."

प्रकाशनं गाडीकडे पाहिलं. खरं सांगते, तो बसणार होता. मला त्याची मान माहीत आहे, सोडून द्यायच्या आधी ती अशी डावीकडं कलते.

तेवढ्यात दादाजी कठड्याला धरून उभे राहिले आणि असे गरजले की गाडीवाल्यानं ब्रेक मारला.

"खबरदार गाडीत बसवलं तं! नवसाचा माणूस हाय तो! पाप लागीन तुमाले!"

बिल्लेवाला दोन पावलं मागं सरकला. शहरातला असला म्हणून काय झालं, पाप सगळ्यांनाच नको असतं! गाडीवालाही कडेकडेनं पुढं निघून गेला. आता बसायला गाडीच राहिली नाही. प्रकाश उठला. लंगडत दोन पावलं. मग चार. मग आमच्या किन्हीराजाच्या रस्त्यावर पळायचा तसा, खाली मान घालून.

शेवटची रेघ ओलांडली तेव्हा मंडपवाले खुर्च्या गोळा करत होते. पण वेळ संपली नव्हती. गळ्यात मेडल पडलं.

दादाजींनी ते हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, कडेनं बोट फिरवलं.

"गोल हाय," म्हणाले. "पुरं गोल." आणि चष्मा पुसायला लागले.

* * *

गावात हार झाले, पेढे झाले. वरचा मजला अजून छातीइतकाच आहे, पण 'अर्धा' म्हणायचं लोकांनी सोडलं.

माझ्या डोक्यात मात्र चक्कीवरचं वाक्य तसंच होतं. मी वाटी घेऊन गेले.

"प्रकाश, आता खरं सांग. ते पुरं झालं तं मंग काय होतं?"

"काकू, देवीशपथ, मी नवस बोललोच नाही!"

दादाजींना विचारलं. ते म्हणाले, "मी समजत होतो यानंच बोलला."

मीना आत होती. भांडी जरा जास्तच वाजत होती.

परवा मी मळ्यात गेले, पालक खुडायला. लिंबाकडून ओळखीचा आवाज आला.

"हाय काय?"

मी म्हटलं, आता काय फुल करतो काय हा! पण आवाज मीनाचा नव्हता. प्रकाशचा होता. पालक तिथंच टाकला आणि गेले.

प्रकाश काठावर उभा, दोर दोन्ही हातांत, तोंड विहिरीकडे. मी वाकून पाहिलं. खालच्या पायरीवर, छातीएवढ्या पाण्यात, जुना सलवार-कुर्ता घालून मीना. पाठीला तेलाचे दोन कॅन. एका हातानं पायरीचा दगड असा पकडलेला की बोटं पांढरी पडलेली.

"मीना! माय वं! हे काय करून राह्यली?"

"नवस फेडून राह्यली, काकू." दात वाजत होते तिचे.

"तू बोलली होती? पोहरादेवीले?"

"पोहरादेवीले कायले तकलीफ देऊ? तिचं नाव लोकायनं लावलं." तिनं पाण्याकडे मान केली. "या विहिरीलेच बोलली होती. हे पुरं करून सुखरूप आले, तं मी तुह्यात उतरीन म्हटलं."

मी प्रकाशकडे पाहिलं. त्यालाही सकाळीच कळलं असावं. दोराचा आणखी एक वेढा त्यानं मनगटाला घातला.

"अन् पुरं झालं नसतं तं?" मी विचारलं.

मीनानं डोळे मिटले आणि दगड सोडला.

कॅन हलले. पाणी हललं. ती मधोमध गेली, आणि हळूच डावीकडं वळायला लागली.

"हाय काय?" प्रकाशनं विचारलं. लगेच पुन्हा विचारलं. "मीना, हाय काय?"

पाणी तोंडात गेल्याचा आवाज आला. ठसका आला. आणि मग विहीर घुमली.

"हाव! अन् काकूले सांगा, विरजण फ्रिजात हाय!"